दोन तपासनिसांच्या मध्ये

रस्ट या भाषेत लिहिलेला माझा पहिला ट्रेसिंग प्रोग्राम, म्हणजे लिनक्सच्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) शिरून तिथल्या घटना टिपणारा प्रोग्राम, कंपाइल होताना कंपायलरने साधा इशारासुद्धा दिला नाही, आणि कर्नलने मात्र तोच प्रोग्राम पहिल्या फटक्यात नाकारला. प्रोग्राम आत घेण्याआधी तो तपासणारा कर्नलचा भाग म्हणजे व्हेरिफायर; त्याच्या लॉगमधली शेवटची ओळ सांगत होती की स्टॅकवरची (प्रोग्रामच्या तात्पुरत्या मेमरीतली) न भरलेली जागा वाचली जात आहे: ऑफसेट उणे १६ अधिक ४, आकार १६. प्रोग्राम अगदीच किरकोळ होता. कोणती प्रोसेस कोणत्या पत्त्यावर किती वेळा येते हे हॅश मॅपमध्ये, म्हणजे किल्लीवरून किंमत शोधता येणाऱ्या कर्नलमधल्या तक्त्यात, मोजायचे, आणि त्यासाठी मॅपची किल्ली म्हणून दोन घटकांची एक रचना वापरायची. पहिला घटक चार बाइटांचा प्रोसेस क्रमांक, दुसरा आठ बाइटांचा पत्ता. दोन्ही घटकांत मी किंमत भरली होती, त्यामुळे न भरलेले असे काय उरले हे उमगायला मला अख्खी संध्याकाळ लागली. आठ बाइटांचा घटक आठाच्या पटीतल्या जागी बसावा म्हणून कंपायलरने दोहोंच्या मध्ये चार बाइट मोकळे सोडले होते, आणि बारा बाइटांची माहिती सोळा बाइटांच्या जागेत बसली होती.

यात चूक कोणाची, असे विचारले तर उत्तर देणे अवघड आहे. रस्टच्या नियमांप्रमाणे मधल्या मोकळ्या बाइटांत काय आहे याच्याशी कोणाला देणेघेणे नाही, कारण सुरक्षित कोडमधून ते वाचताच येत नाहीत. कर्नलचा हॅश मॅप मात्र घटक वगैरे काही ओळखत नाही. तो किल्लीचे सोळाच्या सोळा बाइट घेऊन त्यांचा हॅश काढतो, आणि मधल्या चार बाइटांत स्टॅकवरचा जुना कचरा असेल तर एकाच प्रोसेसच्या एकाच पत्त्याच्या दोन वेगळ्या नोंदी तयार होतात. व्हेरिफायरने मला त्यापासूनच वाचवले होते. अलीकडच्या कर्नलांत विशेषाधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रामांसाठी ही अट सैल झाली आहे आणि त्यामुळे माझ्या मते अडचण कमी होण्याऐवजी वाढली आहे, कारण आता तोच प्रोग्राम बिनतक्रार लोड होतो आणि आकडे तेवढे चुकतात.

त्या प्रोग्रामानंतर मी रस्टमधून असे ट्रेसिंग करण्यासाठी एक लायब्ररी लिहायला घेतली, आणि ती लिहिताना गेले वर्षभर मी जे काही केले ते बहुतेक याच फटीत बसून केले आहे. ‘सुरक्षित’ या शब्दाचा रस्टच्या लेखी एक अर्थ आहे आणि व्हेरिफायरच्या लेखी दुसरा. एकाला भाषेचे नियम पाळले गेले पाहिजेत, दुसऱ्याला कर्नल कोसळता कामा नये, आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. मी सुरुवातीला समजत होतो की लायब्ररीचे काम म्हणजे कर्नलच्या सोयींना नीटनेटकी फंक्शने पुरवणे. प्रत्यक्षात तो भाग सर्वांत आधी संपला.

ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. १९९२ मध्ये स्टीव्हन मॅककॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत नेटवर्कवरची पॅकेट कर्नलमध्येच गाळून घेण्यासाठी एक छोटेसे आभासी यंत्र तयार केले, त्याचे नाव बीपीएफ. लिनक्समध्ये त्याचे विस्तारित रूप, म्हणजे ईबीपीएफ, २०१४ अखेरीस ३.१८ या आवृत्तीत स्वतंत्र सिस्टिम कॉलसह आले, आणि ४.१ पासून ते केप्रोबला, म्हणजे कर्नलमधल्या जवळपास कोणत्याही फंक्शनच्या तोंडाशी, जोडता येऊ लागले. या यंत्राला ६४ बिटांचे ११ रजिस्टर आहेत, त्यांतला शेवटचा फक्त वाचण्यापुरता, आणि स्टॅक आहे अवघा ५१२ बाइटांचा. प्रोग्राम कर्नलमध्ये शिरण्याआधी व्हेरिफायर त्याच्या वाटा एकेक करून चालून पाहतो, प्रत्येक रजिस्टरमध्ये काय प्रकारची आणि किती मर्यादेतली किंमत असू शकते याची नोंद ठेवतो, आणि एका वाटेवर जरी शंका आली तरी सगळा प्रोग्राम नाकारतो.

तयार लायब्ररी असताना नवी कशाला, हा प्रश्न मलाही विचारला गेला. रस्टमध्ये ‘आया’ आहे (मराठी वाचकाला या नावाने हसू येणार हे गृहीत धरतो), ती सीमधल्या तयार ईबीपीएफ लायब्रऱ्यांवर न विसंबता लिहिलेली आहे आणि चांगली आहे. माझी गरज मात्र अरुंद होती. मला नेटवर्किंगशी काही कर्तव्य नव्हते, फक्त ट्रेसिंग हवे होते, आणि लोडरच्या, म्हणजे प्रोग्राम कर्नलमध्ये चढवणाऱ्या भागाच्या, पोटात काय चालते हे स्वतःच्या हाताने करून पाहायचे होते. ते पाहिल्यावर कळले की त्यात जादू फारशी नाही. कंपायलरने दिलेली ईएलएफ फाइल (कंपाइल झालेल्या प्रोग्रामची फाइल) उघडायची, तिच्यातल्या मॅपच्या व्याख्या वाचून एकेक मॅप कर्नलकडून तयार करून घ्यायचा, त्याबदल्यात मिळालेला फाइल डिस्क्रिप्टर (मॅप ओळखण्याचा क्रमांक) प्रोग्राममधल्या सोळा बाइटांच्या त्या एका विशेष सूचनेत नेमक्या जागी लिहायचा, आणि मग सगळा प्रोग्राम सिस्टिम कॉलच्या हवाली करायचा. हे सगळे दोन आठवड्यांत चालू लागले. खरा वेळ गेला तो कर्नलच्या बाजूने चालणाऱ्या अर्ध्या भागात.

त्या भागात रस्टची प्रमाण लायब्ररी नसते, फक्त तिचा गाभा असतो, आणि त्या गाभ्यातही अनेक सापळे आहेत. सर्वांत साधा सापळा म्हणजे ॲरेमधला घटक चौकटी कंसांनी काढणे. क्रमांक मर्यादेबाहेर गेला तर रस्ट पॅनिक करते, म्हणजे प्रोग्राम तिथेच थांबवू पाहते, पॅनिकसाठी हाताळणारे फंक्शन द्यावेच लागते, आणि ते कधीही परत येता कामा नये अशी भाषेची अट आहे. ईबीपीएफमध्ये ‘प्रोग्राम इथेच संपव’ असे म्हणण्याची सोय त्या फंक्शनला नसते, म्हणून बहुतेक जण तिथे अनंत लूप लिहितात, आणि अनंत लूप तर व्हेरिफायरला मुळीच चालत नाही. यावर एक चलाख तोडगा सुचतो तो असा की त्या फंक्शनमध्ये ‘इथे कधीच पोहोचणार नाही’ असे कंपायलरला असुरक्षित शब्दांत सांगून टाकावे. मी तो करून पाहिला. कंपायलरने माझ्या शब्दावर पूर्ण विश्वास ठेवला, इथे कधीच पोहोचत नाही म्हणजे क्रमांक कधीच मर्यादेबाहेर जात नाही असा निष्कर्ष काढला, आणि मर्यादेची तपासणीच उडवून लावली. मग व्हेरिफायरने मर्यादा न तपासता मेमरी वाचली जाते म्हणून प्रोग्राम नाकारला. म्हणजे सगळे करून पुन्हा ये रे माझ्या मागल्या, फक्त आता त्रुटीचा संदेश मूळ कारणापासून आणखी दूर गेलेला. लायब्ररीत आता अनंत लूपच आहे, आणि सगळी उदाहरणे पर्यायी किंमत परत देणाऱ्या पद्धतीने घटक काढतात, म्हणजे पॅनिकची वाट निर्माणच होत नाही.

याच्याच जवळचा एक त्रास लांबीच्या तपासण्यांचा आहे. वापरकर्त्याच्या मेमरीतून फाइलचे नाव वाचले, त्याची लांबी मिळाली, ती २५६ पेक्षा जास्त नाही हे तपासले आणि तेवढेच बाइट पुढे पाठवले, तर माणसाच्या दृष्टीने सगळे ठीक आहे. पण ऑप्टिमायझर कधी कधी तपासणी एका रजिस्टरवर करतो आणि वापर त्याच किमतीच्या दुसऱ्या प्रतीचा करतो, आणि व्हेरिफायरच्या वहीत मर्यादेची नोंद पहिल्यापुरतीच राहते. मास्क लावून (म्हणजे वरचे बिट शून्य करून) मर्यादा पक्की करावी म्हटले तर कंपायलर हिशेब मांडतो की हा मास्क अनावश्यक आहे आणि काढून टाकतो. शेवटी मी मास्क लावण्याचे एक छोटे फंक्शन असेंब्लीत लिहिले, केवळ कंपायलरला त्याच्या आत डोकावता येऊ नये म्हणून. आपल्याच कंपायलरपासून एखादी गोष्ट लपवावी लागणे मला अजूनही खटकते.

या सगळ्यात रस्टचा स्वभाव आणि कर्नलचा स्वभाव खरोखर जुळतात अशी एक जागा मिळाली, ती म्हणजे रिंग बफर, कर्नलमधल्या घटना वापरकर्त्याच्या प्रोग्रामपर्यंत पोहोचवणारी सामाईक जागा. ५.८ या आवृत्तीत तो आला, त्याआधी प्रत्येक सीपीयूसाठी वेगळा बफर असे आणि घटना साधारणपणे स्टॅकवर रचून मग त्यात नकलून घ्यावी लागे. ५१२ बाइटांच्या स्टॅकवर ४०९६ बाइटांपर्यंत जाऊ शकणारा फाइलचा मार्ग मावणार तरी कसा? रिंग बफरमध्ये आधी जागा राखून घ्यायची, मार्ग थेट तिथेच वाचायचा, आणि मग ती जागा एक तर सादर करायची किंवा रद्द करायची. राखलेल्या जागेचा हिशेब व्हेरिफायर काटेकोरपणे ठेवतो; एखाद्या वाटेवर ती ना सादर झाली ना रद्द झाली, तर प्रोग्राम लोडच होत नाही. रस्टमध्ये हे मालकीच्या नियमांत चपखल बसते. राखलेली जागा म्हणजे एक किंमत, आणि सादर करणारे फंक्शन ती किंमत गिळून टाकते, त्यामुळे सादर केलेल्या जागेत नंतर काही लिहू पाहिले तर कंपायलरच अडवतो. चूक तीच, पण ती लोड करतानाच्या दोनशे ओळींच्या लॉगऐवजी संपादकातच लाल रेघेने दिसते.

इथवर सगळे छान आहे, पण रस्ट किंमत गिळू देते, गिळायला भाग पाडत नाही. मधल्याच एका ओळीवर प्रश्नचिन्हाने (रस्टमध्ये हे चिन्ह त्रुटी आली की फंक्शन तिथेच सोडते) फंक्शनमधून बाहेर पडलो तर राखलेली जागा तशीच मागे राहते. म्हणून पहिल्या आवृत्तीत मी अशी सोय केली होती की ती किंमत व्याप्तीबाहेर गेली की आपोआप रद्द व्हावी. ते दिसायला फार देखणे होते आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता. महिनाभराने एका सहकाऱ्याने विचारले की लांब मार्गांच्या फाइली उघडल्या तर त्यांच्या घटना येतच नाहीत, असे का. कारण उघड होते: मार्ग वाचण्यात त्रुटी आली की प्रश्नचिन्ह बाहेर काढत होते, जागा गुपचूप रद्द होत होती, आणि कोणालाच काही कळत नव्हते. ट्रेसिंगच्या साधनाने न सांगता घटना गाळाव्यात याहून वाईट दोष मला माहीत नाही. ती सोय मी काढून टाकली. आता कोणी जागा विसरला तर व्हेरिफायर ओरडतो, आणि वापरणाऱ्याला प्रत्येक वाटेवर सादर की रद्द हे स्वतः लिहावे लागते. काहींना हे जाचक वाटते. मी बदलणार नाही.

मॅपमधली किंमत वाचण्याच्या बाबतीत मात्र दोघे तपासनीस उघडउघड विरुद्ध दिशांना ओढतात. हॅश मॅपमध्ये शोध घेतला की कर्नल आत साठवलेल्या किमतीचा पॉइंटर देतो, आणि रस्टमध्ये लिहिणाऱ्याचा हात सवयीने त्याचा संदर्भ बनवण्याकडे जातो. रस्टमध्ये सामाईक संदर्भ हे एक वचन असते: तो जिवंत असेपर्यंत ती किंमत बदलणार नाही. इकडे कर्नल हॅश मॅपच्या नोंदींची जागा आधीच राखून ठेवतो, आणि एका सीपीयूवर नोंद पुसली गेली की तीच जागा लगेच दुसऱ्या किल्लीसाठी वापरली जाऊ शकते. तेव्हा माझ्या हातात एका प्रोसेसच्या नोंदीचा संदर्भ असताना तिच्या जागी दुसऱ्याच प्रोसेसची नोंद येऊन बसणे शक्य आहे. व्हेरिफायरला याची फिकीर नाही, कारण मेमरी मॅपचीच आहे आणि कर्नल कोसळणार नाही. रस्टच्या दृष्टीने मात्र वचनभंग झाला, आणि त्यानंतर ऑप्टिमायझरने काय करावे याला धरबंध राहत नाही. मी बराच काळ यावर सुरक्षित दिसणारे वेष्टण चढवण्याचा प्रयत्न केला आणि शेवटी हात टेकले. शोधाचे फंक्शन असुरक्षित म्हणूनच जाहीर केले आहे, त्याच्या वर सहा ओळींत हे कारण लिहिले आहे, आणि मोजणीसाठी प्रत्येक सीपीयूची वेगळी किंमत ठेवणारा मॅप वापरावा असे सुचवले आहे.

त्या प्रत्येक सीपीयूच्या मॅपनेही एकदा हिसका दाखवला, आणि तोही वापरकर्त्याच्या बाजूला, जिथे मी निर्धास्त होतो. असा मॅप वाचताना कर्नल सगळ्या सीपीयूंच्या किमती ओळीने आपल्या बफरमध्ये लिहितो, प्रत्येक किंमत आठाच्या पटीत वाढवून. मी चालू असलेल्या सीपीयूंची संख्या मोजून तेवढा बफर दिला होता. कर्नल मात्र चालू सीपीयू मोजत नाही, संभाव्य सीपीयू मोजतो. आभासी यंत्रावर चालू चार आणि संभाव्य त्याच्या कित्येक पट असू शकतात. कर्नलने माझ्या बफरच्या पुढे बिनधास्त लिहून टाकले, आणि एकही असुरक्षित ओळ न लिहिलेला वापरकर्त्याचा प्रोग्राम भलत्याच ठिकाणी मेला. दोष सर्वस्वी लायब्ररीचा होता. आता संभाव्य सीपीयूंची संख्या सिसएफएसमधून, म्हणजे कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात मांडतो तिथून, एकदाच वाचली जाते आणि बफरचा आकार बाहेरून कोणाला देताच येत नाही.

लहानसहान गोष्टींपैकी एक सांगण्यासारखी आहे. प्रोब जोडल्यावर मिळणारी कडी हातात आहे तोवरच प्रोब जिवंत राहतो, हे लायब्ररीने मुद्दाम ठरवलेले आहे, कारण फाइल डिस्क्रिप्टर बंद झाला की कर्नलही जोडणी सोडतो. रस्टमध्ये नुसत्या अधोरेषेला दिलेली किंमत तत्क्षणी टाकून दिली जाते, आणि अधोरेषेपुढे एखादे नाव जोडले तर ती व्याप्तीच्या अखेरपर्यंत जगते. एका अक्षराच्या फरकाने प्रोब जोडला जाऊन त्याच क्षणी सुटतो आणि प्रोग्राम मूग गिळून बसून राहतो. यावर मी काही करू शकलेलो नाही. दस्तऐवजात पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिले आहे, आणि तरीही महिन्याला एखादी विचारणा येते.

सध्या काम चालू आहे ते कर्नलच्या रचनांमधले घटक वाचण्यावर. एखाद्या रचनेत एखादा घटक कितव्या बाइटावर आहे हे कर्नलच्या आवृत्तीनुसार बदलते. सीमध्ये क्लँग हा कंपायलर अशा प्रत्येक वाचनाची खूण फाइलमध्ये सोडतो आणि लोडर कर्नलच्या बीटीएफ माहितीशी (कर्नलच्या रचनांच्या वर्णनाशी) ताडून खरा ऑफसेट भरतो. रस्टचा कंपायलर अशा खुणा सोडत नाही. म्हणून मी वेगळी वाट घेतली. हवे असलेले ऑफसेट प्रोग्राममध्ये फक्त वाचण्यापुरत्या स्थिर किमती म्हणून जाहीर करायचे, सुरुवातीला शून्य ठेवायचे, आणि लोड करण्याआधी लायब्ररीने चालू कर्नलची बीटीएफ माहिती वाचून तिथे खरे आकडे भरायचे. त्या किमतींचा मॅप गोठवला की व्हेरिफायरही त्यांना स्थिरांक मानतो. पहिल्या चाचणीत प्रोग्राम विनातक्रार लोड झाला, आणि कोणताही घटक मागितला तरी रचनेचा पहिलाच घटक हाती येऊ लागला. भरलेले आकडे मी मॅपमध्ये जाऊन तपासले, ते बरोबर होते. शेवटी प्रोग्रामच्या सूचना एकेक करून उलगडल्या तेव्हा दिसले की त्या मॅपला प्रोग्राम हातच लावत नव्हता: कंपायलरने पाहिले की ही किंमत शून्य आहे, कोणी बदलत नाही, आणि सगळीकडे सरळ शून्य लिहून टाकले. आता त्या किमती व्होलटाइल पद्धतीने, म्हणजे कंपायलरला अंदाज बांधू न देता प्रत्येक वेळी मेमरीतून, वाचल्या जातात. रचनेच्या आत रचना असलेल्या घटकांचे ऑफसेट अजून बरोबर जुळत नाहीत, आणि पुढची आवृत्ती तेवढ्यासाठी अडली आहे.